कडेची पकड

अकोले तालुक्यात मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा ताडपत्र्यांचा असतो. माझ्या लहानपणी होता, आजही आहे. पश्चिमेला डांगाणात, म्हणजे घाटघर, रतनवाडी, साम्रद या बाजूला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोच पाऊस डोंगर उतरून अकोल्यापर्यंत येईतो अगदी थोडका उरतो. पण झाकायचं काम दोन्हीकडे असतं. डांगाणात गोठ्याची झडीकडची बाजू, सरपण, पेंढ्याची उडवी. इकडे खळ्यावरचं धान्य, कांदा, बाजारातल्या पालांची छतं. झाकायचं म्हटलं की बांधणं आलं, बांधायचं म्हटलं की भोक पाडणं आलं, आणि भोक पाडलं की कापड नेमकं तिथूनच फाटायला लागतं. या एका अडचणीवर उभं राहिलेलं सगळं कसब मी अकोल्याच्या बाजारात जवळून बघितलं. ते नाहीसं झालं असं मी म्हणणार नाही. ते विरळ झालं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं भुसाराचं दुकान होतं. पोती बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये चढायची आणि त्यांच्यावर ताडपत्री पडायची. तेव्हाच्या ताडपत्र्या सुती, जाड कॅनव्हासच्या, मेण आणि डांबराच्या लेपानं ताठ झालेल्या. कानपूरची म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला मान जास्त. उन्हाळा सरत आला की वडील सगळ्या ताडपत्र्या ओट्यावर उलगडायला लावायचे. दुकानभर तो उग्र, तेलकट वास पसरायचा. जिथली कडेच्या भोकातली रिंग निसटली असेल तिथं खडूची फुली. मग गडी ती वळकटी खांद्यावर टाकून मामांकडे निघायचा आणि मी त्याच्या मागं.

मामा म्हणजे बाजारतळाच्या कडेला गटई काम करणारे कारागीर. अख्खा बाजार त्यांना मामाच म्हणायचा. बसायला पोतं, समोर लोखंडी तिपाई, बाजूला बाभळीचा ओंडका, कातडं भिजवायची दगडी कुंडी, आऱ्या, रापी, हातोडी, मेणाचा गोळा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात पितळी रिंगा आणि त्यांच्या चकत्या. हा डबा मला फार आवडायचा. पण मामा डब्याला हात सगळ्यात शेवटी लावायचे. आधी ते ताडपत्रीची कड दोन्ही हातांत धरून खेचायचे, उजेडाकडं करून बघायचे, कापड किती दमलंय ते बोटांनी चाचपायचे. ‘रिंग काय, कुठंबी बसंल. धरणार कोण, ते बगू आदी,’ असं म्हणायचे.

धरणारी असायची कड. कापड दोनदा आत दुमडायचं आणि त्या दुमडीच्या पोटात सणाची दोरी घालून शिवून टाकायचं. कोपरा असेल तर आतून चामड्याचं तिकोनी ठिगळ. हे चामडं बहुतेक वेळा टाकून दिलेल्या बुटाच्या वरच्या भागाचं असे. ते वापरून मऊ झालेलं असतं आणि त्याची ताण घेण्याची परीक्षा आधीच झालेली असते. मेण लावलेला दोरा आरीच्या खाचेत अडकवून पलीकडून अलीकडं ओढायचा, एक टाका वरून, एक खालून. इतकं झाल्यावर भोकाची वेळ.

इथं कापडाचा न्याय वेगळा आणि चामड्याचा वेगळा. कॅनव्हास म्हणजे उभे-आडवे धागे. त्यात पंच मारून गोल तुकडा उडवला तर तेवढे धागे तुटतात आणि तुटलेला धागा ताण आला की सुटत जातो. म्हणून मामा कॅनव्हासला जाड आरीनं भोक पाडत. धागे तोडायचे नाहीत, बाजूला सारायचे. चामड्यात धागे नसतात, तंतूंचं एकमेकांत गुंतलेलं जाळं असतं. तिथं आरीनं किंवा रापीनं चीर दिली तर ती चीर टोकातून पुढं धावत जाते. म्हणून चामड्याला पंचानं स्वच्छ गोल भोक पाडायचं, म्हणजे ताण सगळीकडं सारखा वाटला जातो, चिरायला टोकच सापडत नाही. पंच कधी दगडावर किंवा लोखंडावर मारायचा नाही, धार जाते. तो बाभळीच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर, उभ्या रेषांवर मारायचा. आणि भोक रिंगेच्या नळीपेक्षा चिमूटभर लहानच ठेवायचं. नळी आत शिरताना अडली पाहिजे. सहज शिरली तर ती उद्या सहज निघेल.

मग नळी आत ढकलायची. मागच्या बाजूनं तिचं तोंड थोडंसं, अगदी थोडंसं वर आलं पाहिजे. त्यावर चकती. ठसा उभा धरायचा, तिरका बिलकूल नाही, आणि हातोडीचे हलके घाव घालत ठसा हळूहळू फिरवत न्यायचा. नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला उलगडत जातं आणि करंजीच्या काठासारखी मुरड पडून चकतीवर बसतं. तोंड जास्त वर आलेलं असेल तर ते मुरडण्याऐवजी फाटतं, त्याच्या धारदार पाकळ्या होतात आणि त्या पाकळ्या दोरी कापतात. कमी आलं असेल तर चकतीला धरायला काहीच मिळत नाही. एकच दणका जोरात मारला तर पितळ तडकतं. शेवटी मामा रिंगेवर अंगठा दाबून ती फिरवून बघायचे. जरा जरी फिरली तर चिमट्यानं तोडून बाहेर, आणि पुन्हा दुसरी. ही अंगठ्याची परीक्षा मी आजही घरात येणाऱ्या प्रत्येक पिशवीला, पट्ट्याला, बुटाला लावतो.

ट्रकच्या ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांना तर मामा ठोकायची रिंग लावतच नसत. तिथं भरीव पितळी कडं भोकावर ठेवून त्याच्याभोवती जाड दोऱ्यानं काजटाका घालत जायचे, कडं दोऱ्याखाली पूर्ण झाकेपर्यंत. यात ठोकाठोक नाही, कापडाला दाब नाही, आणि सैल झालं तर टाके उसवून पुन्हा घालता येतात. जहाजांची शिडं शिवणारे हीच पद्धत वापरत आलेत. समुद्र ज्यांनी कधी पाहिला नाही अशा डोंगरातल्या कारागिराच्या हातात ती कुठून आली असेल, याचं मला नवल वाटतं. पण वाऱ्याशी झुंजणाऱ्या कापडाची गरज समुद्रावर काय आणि घाटमाथ्यावर काय, एकच.

मामांच्या वडिलांचा धंदा मात्र ताडपत्रीचा नव्हता, मोटेचा होता. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पण त्याचं पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून संगमनेर-राहुरीकडच्या कालव्यांना गेलं. धरणाच्या तालुक्यात विहिरींवर मोटा चालतच राहिल्या. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल, तोंडाला लोखंडी कडं, खाली निमुळती सोंड. नाडे वळायचं काम मांगाचं आणि मोट शिवायची ती चर्मकारानं. दोघांना त्याचं बलुतं. मोटेच्या कड्याला चामडं कसं धरून ठेवायचे? खिळा नाही, रिबिट नाही. चामड्याच्या कडेला ओळीनं भोकं, आणि त्यांतून चामड्याचीच वादी कड्याभोवती घट्ट ओवत न्यायची. वादी भिजवून ओवायची, म्हणजे वाळताना ती आक्रसते आणि अजून आवळून बसते. मोट पाण्यात बुडायची, भरून वर यायची, रिकामी होऊन पुन्हा बुडायची, असं दिवसभर. तेवढा भार झेलायचा आणि सैलही व्हायचं नाही. इंजिनं आणि विजेच्या मोटारी आल्या आणि एका पिढीत ही विद्या बसली. मी मोट पाहिली ती पडवीत उलटी टांगलेली, चामडं तडकलेलं, कडं गंजून काळं पडलेलं.

ते काळं पडणं साधं नव्हतं. आपल्याकडं कातडं कमावायला तरवडाची साल, बाभळीची साल आणि हिरडा लागायचा. हिरड्याचं तर डांगाण माहेरच. आजही तिकडची आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात. हिरड्यात जो तुरट अर्क असतो तो कातड्यात मुरला की कातडं कुजत नाही. पण त्याच अर्काला ओलाव्यात लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. पोथ्या लिहायची शाई हिरडा आणि हिराकस यांतून व्हायची ती याच गुणामुळं. म्हणजे हिरड्यानं कमावलेल्या ओल्या चामड्यात लोखंडी खिळा ठोकला की खिळ्याभोवती आपोआप शाई तयार होते, चामडं काळं पडतं, कडक होतं आणि काही पावसाळ्यांत भुगा होऊन गळतं. खिळा जागेवर असतो, त्याला धरणारं चामडं संपलेलं असतं. म्हणून जुने कारागीर पावसात जाणाऱ्या चामड्याला पितळ नाहीतर तांबं लावायचे. पितळावर हिरवा कळंक चढतो, तो पुसला की जातो. मामांना यामागचं रसायन कुणी सांगितलेलं नव्हतं. ‘लोखंड कातड्याला खातं,’ एवढंच ते म्हणायचे आणि ते शब्दशः खरं होतं. आज बहुतेक चामडं क्रोमच्या मिठानं कमावलेलं येतं, त्यात हा त्रास पुष्कळ कमी आहे, पण लोखंड तिथंही गंजतंच.

याच तालुक्यात धातू आणि चामड्याचं सर्वांत देखणं नातं बघायचं असेल तर राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा जावं. डांगी बैल म्हणजे आमच्या डोंगराची ओळख. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, कातडीला तेलकट झाक असलेला, त्यामुळं धो धो पावसातही शेतात उभा राहणारा. त्याच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा मी तासन्‌तास बघत राहायचो. जुन्या माळेत चामड्याचा रुंद, दुहेरी पट्टा. पितळी घुंगराला मागे कान असतो. पट्ट्याला भोक पाडून कान मागे काढायचा आणि सगळ्या कानांतून एकच लांब वादी ओवत न्यायची. म्हणजे प्रत्येक घुंगरू वेगळं दिसतं, पण मागून सगळी एकाच वादीला धरून असतात. बैलानं मान झटकली की धक्का एका घुंगरावर पडत नाही, वादीभर वाटला जातो. एखादं घुंगरू बदलायचं तर वादी तेवढी सोडायची, काम झालं. पोळ्याच्या आधी घराघरांत वाद्या काढून, तेल देऊन, घुंगरं चिंचेनं घासून पुन्हा ओवली जायची. ते काम पोरांकडं असायचं. आता प्रदर्शनाबाहेरच्या दुकानांत नायलॉनचे रंगीत पट्टे टांगलेले असतात, त्यांवर पातळ पत्र्याची घुंगरं रिबिटनं ठोकलेली. दिसायला झकपक, वजनाला हलके, पाण्यानं न सडणारे. बैलाच्या मानेला नायलॉन घासतो, हा एक भाग. दुसरा असा, की रिबिट सुटली की घुंगरू गवतात हरवतं आणि ते पुन्हा बसवायला कुणाकडं सोय नसते. माळ जुनी होत नाही, नुसती बोडकी होत जाते.

कपड्यांची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिथं मी जुन्याच्या बाजूनं फार बोलणार नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या अंगात बंडी किंवा कोपरी असायची. त्याही आधीच्या पिढ्यांची बाराबंदी. बटण नाही, हूक नाही, कापडाचेच बंद. तान्ह्या बाळाचं झबलंही बंदांचंच. बाळ वाढलं की बंद जरा सैल बांधायचा, तेच झबलं पुढं चालायचं. मग बाजारात टिचबटणं आली. शिंप्याच्या दुकानात पुठ्ठ्याच्या कार्डावर ओळीनं शिवलेली ती काळी-पांढरी बटणं मला दागिन्यांसारखी वाटायची. आईच्या हाताला चूल-जात्याच्या कामानं भेगा पडलेल्या. तिला पाठीमागच्या हुकांपेक्षा टिचबटण सोपं जाई. हे श्रेय नव्या वस्तूला दिलंच पाहिजे.

हे बटण जर्मनीतलं. फॉर्त्सहाइम गावच्या हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ साली त्याचं पेटंट घेतलं, पुरुषांच्या पँटींसाठी. पुढं १९०३ साली प्रिम घराण्यातल्या हान्स प्रिम यांनी त्यात इंग्रजी एस आकाराची बारीक स्प्रिंग बसवली आणि बटणाची पकड हुकमी झाली. शिवायचं टिचबटण दोन भागांचं. ठोकायचं चार भागांचं, वरची टोपी, तिच्या खालची वाटी, समोरचा खुंट आणि त्याच्या मागची चकती. पातळ कापडाला बारीक दात असलेली कडी लावायची, कारण दात धाग्यांमधून शिरतात, धागे तोडत नाहीत. जाड चामड्याला नळीचं, कडक स्प्रिंगचं. हा फरक न पाळता पातळ शर्टाला चामड्याचं बटण ठोकलं तर पहिल्यांदा उघडतानाच बटण हातात येतं, कापडाच्या गोल तुकड्यासकट. आमचे शिंपी अशा पातळ कापडाच्या मागं आधी खादीचा नाहीतर मांजरपाटाचा तुकडा लावायचे. पुन्हा तीच गोष्ट: धातूआधी कड.

आणि जीन पँटच्या खिशावरच्या तांब्याच्या टिकल्या? त्याही ताडपत्रीच्याच घरातल्या. अमेरिकेतल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस तंबू, गाड्यांवरची आच्छादनं आणि घोड्यांच्या झुली शिवायचा. झुलींचे पट्टे पक्के करायला त्याच्याकडं तांब्याच्या रिबिटी असायच्या. एका लाकूडतोड्याच्या बायकोनं नवऱ्याची पँट टिकाऊ शिवून मागितली, तेव्हा त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना त्याच रिबिटी ठोकल्या. कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसला बरोबर घेऊन त्यानं २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. झूल शिवणाऱ्या माणसाची सोय जगभरच्या तरुणांच्या अंगावर गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. आमचे मामाही झुली शिवायचे, त्यांच्याही डब्यात तांब्याच्या रिबिटी होत्या. जाड तांब्याची तार कापून, चकती घालून, वरचं टोक हातोडीच्या गोल तोंडानं घुमटासारखं बसवायचे. दप्तराचा बंद असा एकदा बसला की दप्तर फाटायचं, बंद नाही.

आता आजचं सांगतो. निळी, पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री आली आणि सगळं बदललं. जुनी सुती ताडपत्री भिजली की चार माणसांना उचलायची नाही; आजची एकटी बाई डोक्यावर घेऊन शेतात जाते. किमतीला परवडते. उसाच्या हंगामात अगस्ती कारखान्याकडं येणाऱ्या तोडणी कामगारांच्या कोप्यांवर तीच असते. ती नसती तर त्या लेकरांना दवात झोपावं लागलं असतं. तिच्या विरुद्ध बोलणं मला जमणार नाही. पण तिच्या कडेला बघा. कड उष्णतेनं चिकटवलेली, आत बारीक दोरी असली तर असली, आणि ठराविक अंतरावर ॲल्युमिनियमची पातळ रिंग. ती रिंग कारखान्यात एका दाबात बसते, चकतीची मुरड पुरती पडली की नाही ते बघायला कुणाचा अंगठा नसतो. झडीच्या पहिल्या वाऱ्यात ताडपत्री शाबूत राहते आणि रिंगा निघून जातात. भोकं तेवढी उरतात आणि मग ती भोकं लांब होत जातात.

डांगाणातल्या माणसांनी यावर आपला उपाय काढलाय. ते रिंगेला दोरी बांधतच नाहीत. कोपऱ्यापासून वीतभर आत ताडपत्रीच्या खाली ओढ्यातला गुळगुळीत गोटा ठेवतात आणि वरून गोट्याच्या मानेशी दोरीचा फास आवळतात. भोक नाही, धातू नाही. ताण आला की फास गोट्यावर अजून घट्ट बसतो. घाटघरच्या वाऱ्यात ही बांधणी टिकलेली मी पाहिली आहे. ज्यांनी हे शोधलं त्यांना कापडाची खरी ओळख आहे, आणि ती दुकानात मिळत नाही.

फ्लेक्सनं तर रिंगेचा भाव अजून उतरवला. वाढदिवस, निवडणूक, सप्ताह, कशाचाही बोर्ड असो, छापणाऱ्याकडं हातदाबाचं यंत्र असतं. कडेला टेप, टेपवर रिंग, खट् खट् खट्, संपलं. ते काम आठवड्यासाठी असतं आणि आठवड्यापुरतं ठीकच आहे. पण बोर्ड उतरला की फ्लेक्स फुकट जात नाही. तो गवताच्या गंजीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, पडवीच्या झडीला जातो, आणि आठवड्यासाठी मारलेल्या रिंगेकडून चार महिन्यांच्या पावसाची अपेक्षा केली जाते. साहेब-नेत्यांचे हसरे चेहरे एका कोपऱ्यातून लोंबकळत वाऱ्यावर आपटत राहतात आणि आतलं गवत भिजून काळं पडतं. त्या भिजलेल्या गवताचं नुकसान कुणाच्याच हिशेबात येत नाही.

चर्मोद्योगाला हात देण्यासाठी महाराष्ट्रात १९७४ साली महामंडळ स्थापन झालं, आज ते संत रोहिदासांच्या नावानं ओळखलं जातं. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची सरकारी योजनाही आली. तालुक्याच्या गावांत ते स्टॉल दिसतात. ऊन-पावसात पोत्यावर बसण्यापेक्षा डोक्यावर छप्पर आलं, हे मोठंच काम झालं. मामांचा नातू अशाच एका पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसतो. चपलांची दुरुस्ती कमी झालीय, कारण तुटलेली चप्पल लोक टाकून देतात. पण एक नवं गिऱ्हाईक त्याला मिळालंय, जे त्याच्या आजोबांनी कधी पाहिलं नव्हतं.

मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या बाजूला, मुरशेत, पांजरे, उडदावणे या गावांच्या शिवारात काजवे चमकतात आणि ते बघायला मुंबई-पुण्याहून गर्दी येते. शेताच्या बांधांवर तंबूंच्या रांगा लागतात. स्थानिक पोरांनी भाड्यानं द्यायला तंबू घेतलेत. तंबूची कड, तंबूची रिंग, खुंटीचा पट्टा, हे सगळं दर हंगामात निसटतं. कळसूबाई चढायला बारीला उतरलेल्यांच्या बुटांचे आकडेही उपटतात. १६४६ मीटरचा डोंगर चढताना पाऊल सुजतं, नाडी ओढली जाते आणि बुटाच्या वरच्या बाजूचे ठोकलेले आकडे आधी जातात. काहीजण अकोल्याच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत या स्टॉलशी येतात.

तिथं मी त्याला काम करताना बघतो तेव्हा हात मामांचा ओळखू येतो. बुटाचा आकडा उपटला असेल तर तो नुसता परत ठोकत नाही. आतलं अस्तर उसवतो, मोठ्या झालेल्या भोकामागं पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा चिकटवून शिवतो, त्यात नवं लहान भोक पाडतो आणि मग आकडा. घाईतले पाहुणे म्हणतात, अहो, ठोकून द्या ना पटकन. तो म्हणतो, ‘डोंगरावर मी नसतो, साहेब.’ आणि आपलं काम सुरू ठेवतो.

आता मे महिन्यात डांगाणातले काही शेतकरी नवी निळी ताडपत्री दुकानातून थेट त्याच्याकडं घेऊन येतात. तो आधी विचारतो, कुठं बांधायची, वारा कुठल्या अंगानं येतो, दोरी कुठं जाणार. मग त्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा काढून टाकतो, कड दुमडून आत नायलॉनची दोरी घालतो, कोपऱ्यांना जाड पट्ट्याचं तिकोनी ठिगळ शिवतो आणि पितळी रिंग मारून अंगठ्यानं फिरवून बघतो. या कामाला चांगले पैसे पडतात, आणि ते मागायला त्यानं संकोच करू नये असं मी त्याला अनेकदा सांगितलंय. रिंगा तो पुण्याच्या बोहरी आळीतून आणतो. जवळपास मिळतात त्या पिवळ्या मुलाम्याच्या लोखंडी, त्याला नकोत. अडतं ते ठिगळाच्या चामड्यापाशी. जुन्या बुटांचं खरं चामडं आता बाजारात येतच नाही, सगळं रेक्झिन असतं आणि रेक्झिन भोकापाशी सोलून निघतं. तेव्हा घरात कुणाच्या वडिलांचा, आजोबांचा जुना चामडी पट्टा, पोलिसातला नाहीतर एसटीतला बूट, बैलाचा तुटका पट्टा असं काही पडून असेल, तर भंगारवाल्याला घालू नका. पावसाआधी अकोल्याला आलात की त्याच्या स्टॉलवर नेऊन द्या.